अलेक्झांडर हे नाव कोणाच्या मालकीचं?

१७ जून २०१८ रोजी प्रेस्पा सरोवराच्या काठी, प्साराडेस नावाच्या ग्रीक खेड्यात, ग्रीस आणि आजचा उत्तर मॅसेडोनिया या दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एका करारावर सह्या केल्या. एका देशाने आपलं नाव बदलायचं आणि दुसऱ्याने त्या बदल्यात त्याची अडवणूक थांबवायची, असा तो करार. ग्रीसच्या मंत्र्याचं नाव निकोस कोट्झियास आणि समोरच्याचं निकोला दिमित्रोव्ह. निकोस आणि निकोला हे एकच नाव आहे. ग्रीक ‘निकोलाओस’ची ती दोन रूपं, ‘नीके’ म्हणजे विजय आणि ‘लाओस’ म्हणजे लोक. दिमित्रोव्ह या आडनावातला दिमितर हा ग्रीक देमेत्रिओस, म्हणजे देमेतर या धान्यदेवीचा. सह्यांच्या वेळी हजर असलेले ग्रीसचे पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास. हे अलेक्सिस आणि अलेक्झांडर एकाच क्रियापदापासून निघालेले. आणि पलीकडच्या देशाच्या राजधानीत, स्कोप्येमध्ये, या कराराला ठाम विरोध करणारे राष्ट्राध्यक्ष होते ग्योर्गे इव्हानोव्ह. ग्योर्गे म्हणजे ग्रीक गेओर्गिओस, शेतकरी.

सत्तावीस वर्षं ही दोन राष्ट्रं नावावरून भांडत होती, आणि भांडणाऱ्यांची स्वतःची नावं एकाच कणगीतली होती. भांडण देशाच्या नावाचं होतं, मॅसेडोनियाचं. पण त्याच्या मुळाशी एक माणूस आणि त्याचं नाव होतं: अलेक्झांडर. तो कोणाचा, हा प्रश्न विमानतळांच्या पाट्यांवर, पुतळ्यांवर, झेंड्यांवर लढला गेला. माझं म्हणणं असं की या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आणि अजूनही होते. नावाचं मूळ हा पुराव्याचा प्रश्न आहे आणि तिथे कोणालाही सवलत नाही. नावाची मालकी मात्र मुळावरून ठरत नाही. किंबहुना व्यक्तिनामाला मालक असूच शकत नाही. पहिलं नाकारलं की खोटा इतिहास उभा राहतो. दुसरं नाकारलं की सरकार लोकांच्या बारशात शिरतं.

आधी मूळ पाहू. अलेक्झांडरचं ग्रीक रूप ‘अलेक्सान्द्रोस’. पहिला भाग ‘अलेक्सो’, म्हणजे दूर ठेवणे, संकट परतवणे, राखणे. दुसरा ‘आनेर’, ज्याचं षष्ठीचं रूप ‘आन्द्रोस’, म्हणजे पुरुष, माणूस. माणसांना राखणारा. तुलनात्मक भाषाशास्त्रात हे दोन्ही धातू आपल्याला परके नाहीत. ग्रीक ‘अलेक्सो’ आणि संस्कृत ‘रक्षति’ एकाच आदिम इंडो-युरोपीय धातूची मुलं मानली जातात. ‘आनेर’ आणि आपला ‘नृ’ किंवा ‘नर’ हेही तसेच. म्हणजे अलेक्सान्द्रोस या नावाचे दोन्ही तुकडे उचलून आपल्या बाजूला ठेवले तर ‘नर’ आणि ‘रक्ष’ हाती येतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तिचा आपल्याकडे होणारा गैरवापर तितकाच खटकतो, त्याकडे पुढे येतो.

या नावाचा सगळ्यांत जुना ग्रीक पुरावा कोणा राजाचा नाही, एका बाईचा आहे. ग्रीसमधल्या मायसीनीला सापडलेल्या, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातल्या मातीच्या एका पाटीवर बायकांची नावं आहेत आणि प्रत्येक नावापुढे बिछान्यांचा आकडा. वाड्याच्या कारभाऱ्याने ठेवलेला साधा हिशेब. त्यातल्या एका ओळीत मानो आणि ‘आ-रे-का-सा-दा-रा’ अशा दोघी आहेत आणि दोघींचे मिळून बिछाने दोन. ही ‘लिनिअर बी’ लिपी. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली ती उलगडली. तिच्यात ‘र’ आणि ‘ल’ला एकच चिन्ह, जोडाक्षर फोडून लिहायचं आणि ‘द’च्या आधीचा ‘न’ गाळायचा, अशी रीत होती. हे लक्षात घेतलं की आ-रे-का-सा-दा-राचं ‘अलेक्सान्द्रा’ होतं. महान सिकंदराच्या जवळजवळ नऊशे वर्षं आधी ही अलेक्सान्द्रा होऊन गेली.

त्याच शतकात समुद्रापलीकडे, आजच्या तुर्कस्तानात, हित्ती सम्राट मुवातल्ली दुसरा याने विलुसा नावाच्या नगरराज्याशी एक तह केला. तिथल्या राजाचं नाव तहात ‘अलकसन्दु’ असं आहे. विलुसा म्हणजेच इलिऑन, ट्रॉय, असं बहुतेक अभ्यासक आता मानतात. होमरच्या काव्यात हेलनला पळवून नेणाऱ्या ट्रॉयच्या पॅरिसचं दुसरं नाव अलेक्सान्द्रोसच आहे. काही जणांनी एकेकाळी असा तर्क मांडला होता की नाव मुळात आशिया मायनरचं असावं आणि ग्रीकांनी त्याला आपल्या भाषेतला अर्थ नंतर चिकटवला असावा. पण मायसीनीची ती पाटी आणि नावाची आतून-बाहेरून ग्रीक असलेली घडण पाहता नाव ग्रीकच, हे मत आज भक्कम आहे. तरीही यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लेखी इतिहासात हे नाव पहिल्यांदा दिसतं तेव्हाच ते दोन किनाऱ्यांवर आहे: ग्रीक वाड्यातल्या एका बाईकडे, आणि ग्रीकांनी ज्याला शत्रू म्हणून गायलं त्या नगरीच्या राजाकडे.

आता मॅसेडोनिया. इथल्या राजघराण्यात हे नाव सिकंदराच्या दीडशे वर्षं आधी आलं. पहिला अलेक्झांडर ऑलिम्पियाला धावायला उतरला तेव्हा बाकीच्या धावपटूंनी हरकत घेतली की हा ग्रीक नाही, ही स्पर्धा परक्यांसाठी नाही. हेरोडोटसने ही हकिकत नोंदवली आहे. राजाने आपलं घराणं दक्षिण ग्रीसमधल्या अर्गोसचं असल्याचं पंचांना पटवलं, पंचांनी त्याला ग्रीक ठरवलं, आणि तो शर्यतीत पहिल्या धावपटूच्या बरोबरीने आला. पुढच्या शतकात अथेन्सच्या डेमॉस्थेनिसने दुसऱ्या फिलिपवर टीका करताना तो ग्रीक नाहीच, ग्रीकांचा नातेवाईकही नाही, असं भर सभेत सांगितलं. स्कोप्येच्या बाजूने बोलणारे हे उतारे हमखास पुढे करतात. ते खरे आहेत, दडवण्याचं कारण नाही. पण डेमॉस्थेनिस राजकीय शत्रूबद्दल बोलत होता, आणि निवडणुकीच्या भाषणातून कोणी वंशावळ काढत नसतं.

नावं आणि साध्या लोकांची भाषा जास्त बोलतात. फिलिप्पोस म्हणजे घोड्यांवर प्रेम करणारा. अमिन्तास म्हणजे रक्षण करणारा. आर्खेलाओस म्हणजे लोकांचा पुढारी. सिकंदराच्या सावत्र बहिणीचं नाव थेस्सलोनिके. तिच्या नवऱ्याने, कसान्द्रोसने, वसवलेलं शहर आजही तिच्या नावाने उभं आहे. सगळ्यांत सुंदर पुरावा बेरेनिके या नावाचा. बाकीच्या ग्रीसमध्ये हे ‘फेरेनिके’, विजय आणणारी. मॅसेडोनियात त्या जागी ‘ब’ यायचा. म्हणजे ही नावं दक्षिणेकडून उसनी आणून मिरवलेली नव्हती; ती तिथल्या तोंडात, तिथल्या हेलाने घडलेली होती. (व्हेरोनिका हे त्याच बेरेनिकेचं पुढचं रूप.) १९८६ साली पेल्ला इथे, सिकंदराच्या जन्मगावी, शिशाची एक गुंडाळी सापडली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात एका बाईने लिहिलेला तो करणीचा मजकूर आहे. दिओनिसोफॉन नावाच्या पुरुषाचं थेतिमा नावाच्या बाईशी लग्न होऊ नये म्हणून तिने तो लिहून थडग्यात पुरला. त्यातली भाषा ग्रीकची एक बोली आहे, अथेन्सची नव्हे, तिथलीच. दरबारी शिष्टाचार म्हणून ग्रीक वापरणारी माणसं रात्री थडग्यात करणी पुरताना तरी आपल्या घरच्या भाषेत लिहितील. मला हा पुरावा निर्णायक वाटतो.

त्यामुळे २००६ नंतर स्कोप्येने जे केलं ते चूक होतं, आणि ते स्पष्ट शब्दांत म्हटलं पाहिजे. निकोला ग्रुएव्हस्की यांच्या सरकारने राजधानीच्या विमानतळाला ‘महान अलेक्झांडर’चं नाव दिलं, ग्रीसकडे जाणाऱ्या महामार्गालाही दिलं. २०११ साली शहराच्या मुख्य चौकात घोड्यावर स्वार झालेला भव्य ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कागदोपत्री त्याचं नाव ‘घोडेस्वार योद्धा’ होतं, पण तो कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘स्कोप्ये २०१४’ या नावाखाली शहर खांबांनी आणि प्राचीन वीरांनी भरून गेलं. या देशातल्या बहुसंख्यांची भाषा स्लाव्ह कुळातली आहे, बल्गेरियनच्या अगदी जवळची. स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये आले ते इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकात, सिकंदर मरून नऊशे वर्षं झाल्यावर. त्या भाषेला, त्या लोकांच्या लोकगीतांना, ऑटोमन तुर्कांविरुद्धच्या १९०३च्या इलिंडेन उठावाच्या आठवणींना कोणत्याही प्राचीन राजाच्या दाखल्याची गरज नव्हती. देशातल्या अल्बेनियन अल्पसंख्याकांना या दगडी इतिहासात जागा नव्हती, हे तर आणखीच वाईट. तरुण, लहान, सगळ्या बाजूंनी दबलेल्या राष्ट्राला मोठ्या पूर्वजाचा आधार हवासा वाटतो, हे मला समजतं. समजतं म्हणून ते खरं ठरत नाही.

ग्रीसची भीतीही पोकळ नव्हती. १९४४ साली टिटोच्या युगोस्लाव्हियात मॅसेडोनिया हे घटक प्रजासत्ताक झालं, आणि लगेच १९४६ ते १९४९ ग्रीसमध्ये यादवी पेटली. ती उत्तरेच्या डोंगरांत लढली गेली, आणि स्लाव्ह भाषा बोलणारे कितीतरी ग्रीक नागरिक कम्युनिस्टांच्या बाजूने लढले. थेस्सलोनिकीपर्यंतचा ‘अखंड मॅसेडोनिया’ दाखवणारे नकाशे फिरत होते. नाव हा जमिनीच्या दाव्याचा पहिला कागद असू शकतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९९२ साली थेस्सलोनिकीच्या रस्त्यांवर लाखो लोक ‘मॅसेडोनिया ग्रीक आहे’ म्हणत उतरले, त्यात आशिया मायनरमधून १९२३च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत हाकलल्या गेलेल्यांची नातवंडं होती. ज्यांच्या आजी-आजोबांनी एकदा घरदार गमावलं त्यांना उरलेली जमीन कोणाच्या नकाशात दिसली तर ते घाबरणारच.

पण भीतीतून ग्रीसने जे केलं त्याची बाजू मी घेऊ शकत नाही. नवा देश १९९३ साली संयुक्त राष्ट्रांत गेला तो ‘माजी युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ अशा लांबलचक, तात्पुरत्या बिल्ल्याखाली. १९९४मध्ये ग्रीसने त्या भूवेष्टित, गरीब देशाची व्यापारी नाकेबंदी केली. ती उठली १९९५च्या तात्पुरत्या करारानंतर, आणि तेव्हा झेंड्यावरचा व्हर्गिनाचा सोळा किरणांचा सूर्य, प्राचीन मॅसेडोनियन राजघराण्याचं चिन्ह, उतरवावा लागला. २००८ साली बुखारेस्टच्या बैठकीत ग्रीसने त्यांचा नाटो प्रवेश अडवला. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की हे त्या तात्पुरत्या कराराचं उल्लंघन होतं.

त्याहून जुनी जखम घरातली आहे. १९२०च्या दशकात ग्रीक मॅसेडोनियातल्या शेकडो गावांची स्लाव्ह आणि तुर्की नावं सरकारी हुकमाने ग्रीक झाली. १९३६ला मेताक्सासची हुकूमशाही आल्यावर स्लाव्ह भाषा बोलण्यावर बंदी आली, माणसांची नावंही ग्रीक करायला लावली गेली. १९८२ साली यादवीतल्या निर्वासितांना घरी परतायची मुभा मिळाली, पण ‘वंशाने ग्रीक’ असतील त्यांनाच. आजीने दिलेलं नाव कागदावरून खोडणारं राज्य आणि प्राचीन राजाला चोरणारं राज्य, या दोन्ही एकाच विचाराच्या शाखा आहेत. नाव म्हणजे राष्ट्राची मालमत्ता, हा तो विचार. बाल्कनमध्ये तो कुठवर जाऊ शकतो हे बल्गेरियाने दाखवलं. १९८४-८५च्या हिवाळ्यात तिथल्या कम्युनिस्ट राजवटीने लाखो तुर्कांना मंजूर यादीतून बल्गेरियन नावं घ्यायला भाग पाडलं, पोलीस आणि लष्कर गावांत घालून. १९८९मध्ये तीन लाखांहून अधिक माणसं देश सोडून तुर्कस्तानात गेली. तिथे एखाद्या इस्केंदरला (हे अलेक्झांडरचंच तुर्की रूप) त्या यादीतून ‘अलेक्सान्दर’ मिळालं असतं तरी नाव तेच राहिलं असतं. पण बापाने ठेवलेलं नाव आणि पोलिसाने ठेवलेलं नाव यांत जे अंतर असतं ते कोणत्याही व्युत्पत्तीने भरून निघत नाही.

आणि ग्रीक लोकांकडे तरी ही नावं अखंड चालत आली आहेत का? ग्रीक कुटुंबात पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत आहे. बाप्तिस्मा होतो तो संताच्या नावाने, म्हणून शतकानुशतकं योर्गोस, यानिस, कोन्स्तान्तिनोस, दिमित्रिस ही नावं आजोबाकडून नातवाकडे फिरत राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस, स्वातंत्र्याचे वारे वाहू लागल्यावर, शिकलेले ग्रीक मुलांना थेमिस्तोक्लिस, लेओनिदास अशी प्राचीन नावं ठेवू लागले. १८१९ साली कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू ग्रेगरी पाचवा याने परिपत्रक काढून या नव्या चालीचा निषेध केला: बाप्तिस्मा घेतलेल्या बाळांना ही मूर्तिपूजकांची नावं कशाला? आज ज्या नावांवर ग्रीक राष्ट्र हक्क सांगतं, त्यांतली बरीचशी त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी, आपल्याच चर्चच्या विरोधात, पुन्हा निवडून घेतली आहेत. निवडून घेतली म्हणून ती कमी ग्रीक होत नाहीत, उलट मला त्यात मोठं धैर्य दिसतं. पण जे एका मायबापाला निवडता येतं ते दुसऱ्यालाही येतं, हे मग मान्य करावं लागेल.

अलेक्झांडर हे नाव तर ग्रीकांच्या हातात कधी राहिलंच नाही. सिकंदराच्या मृत्यूनंतर अडीचशे वर्षांच्या आत ज्यूंच्या राज्यात अलेक्झांडर यन्नाई नावाचा राजा होता, त्याची राणी शलोमी अलेक्सान्द्रा. ज्या घराण्याने ग्रीक राजवटीविरुद्ध बंड करून राज्य मिळवलं त्याच घराण्यातली ही नावं. बाराव्या-तेराव्या शतकांत स्कॉटलंडमध्ये तीन राजे अलेक्झांडर होऊन गेले आणि गेलिकमध्ये त्याचं आलस्दैर झालं. अरबांनी सुरुवातीच्या ‘अल्’ला आपलं उपपद समजून वेगळं काढलं, ‘क्स’चं ‘स्क’ झालं आणि ‘अल्-इस्कन्दर’ उभा राहिला. फारसीतून तो आपल्याकडे सिकंदर होऊन आला, इतका की मराठीत एखाद्याचं ‘नशीब सिकंदर’ म्हणताना मॅसेडोनिया कोणाच्या मनातही येत नाही. गोव्यात आलेश्शु हे नाव पोर्तुगिजांबरोबर संत अलेक्सियसच्या नावाने आलं; कळंगुटचं जुनं सेंट आलेक्स चर्च त्याच संताचं, आणि अलेक्सियस म्हणजे पुन्हा तेच ‘अलेक्सो’, राखणारा.

इराणची गोष्ट तर विलक्षण आहे. झोरोआस्ट्रियन पहलवी ग्रंथांत अलेक्झांडर हा ‘गुजस्तग’, शापित, ज्याने पवित्र ग्रंथ जाळले. मुंबईच्या पारशांपर्यंत ती आठवण पोचली आहे. पण इस्लामनंतरच्या फारसी काव्यात तोच इस्कन्दर इराणी राजाचा मुलगा होतो. इजिप्तमध्ये रचल्या गेलेल्या कथेत तो तिथल्या शेवटच्या स्थानिक फॅरोचा मुलगा. मलाक्काच्या सुलतानांनी तर आपली वंशावळच इस्कन्दर झुल्कर्नैनपाशी नेऊन भिडवली. स्कोप्येच्या त्या पुतळ्याकडे या रांगेत पाहिलं की कळतं, ही बाल्कनची खास खोड नव्हे. जिंकणाऱ्याला रक्ताने आपला करून घेणं हा पराभव पचवण्याचा फार जुना मार्ग आहे. फरक एवढाच की पूर्वी ते कथेत चालायचं; आता ते पाठ्यपुस्तकात आणि विमानतळाच्या पाटीवर येतं, आणि सरकारी शिक्क्याने येतं.

आपल्याकडेही हा मार्ग चालू आहे. अलेक्झांडर हे मूळचं ‘अलक्षेंद्र’, असं छातीठोकपणे सांगणारे संदेश मराठीत फिरतात. अलक्षेंद्र हे परक्या नावाचं संस्कृत कानाला सुखावणारं रूपांतर आहे. ते वापरायला हरकत नाही, पण ते मूळ नव्हे. रक्ष् आणि अलेक्सो ही भावंडं आहेत; एक दुसऱ्याचा बाप नाही. मुलांच्या नावांच्या याद्यांमध्ये तर नावापुढे ‘अर्थ’ लिहिलेला असतो आणि भाषा कोणती ते कुठेच नसतं. मग रिया ग्रीक रेआपासून की आणखी कुठून, याचा विचार करायचं कोणाला सुचतच नाही. मूळ सांगायचं तर नीट सांगावं.

वास्तविक आपल्या भूमीत याहून कितीतरी खरा आणि अभिमान वाटावा असा पुरावा दगडावर कोरलेला आहे. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नावं आहेत. त्यातला शेवटचा शाहबाजगढीला ‘अलिकसुदरो’ आहे आणि कालसीला ‘अलिक्यशुदले’. हा सिकंदर नव्हे, नंतरचा एक अलेक्झांडर, एपिरसचा किंवा कॉरिंथचा. अशोकाच्या लेखनिकांनी नाव बदललं नाही, त्याचा अर्थही लावत बसले नाहीत. वायव्येच्या आणि उत्तरेच्या बोलींनी आपापल्या तोंडाला जमेल तसं ते उच्चारलं. कालसीला ‘र’चा ‘ल’ झाला, कारण तिथल्या लेखाच्या प्राकृतात सगळ्याच ‘र’चा ‘ल’ होतो. परक्याच्या नावाला द्यावा तो मान यात पुरेपूर आहे.

आणि महाराष्ट्रात? कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांचे लेख आहेत. एकावर कोरलंय: ‘धेनुकाकटा यवनस सिहधयान थंभो दानं’. धेनुकाकटच्या यवनाने दिलेला खांब, आणि यवनाचं नाव सिहधय. त्यातला ‘सिह’ म्हणजे सरळ सरळ सिंह. जुन्नरच्या लेण्यांत चंद नावाचा यवन भेटतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचं लेणं कोरवून घेणारा स्वतःची ओळख अशी देतो: उत्तरेकडचा, दात्तामित्रीचा राहणारा, योनक (म्हणजे यवन), धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. बापाचं नाव बौद्ध वळणाचं, मुलाचं नाव इंद्र आणि अग्नी या वैदिक देवांचं, लेणं बुद्धाचं, आणि माणूस स्वतःला योनक म्हणवतो. हे यवन वंशाने ग्रीक होते की पश्चिमेकडून आलेल्या सगळ्यांनाच यवन म्हणत, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण त्यांनी स्वतःला यवन म्हटलं आणि नावं इथली घेतली, एवढं तर दगडच सांगतो. त्याच्या आधी विदिशेजवळ बेसनगरला नेमकं उलट घडलं होतं. तक्षशिलेहून आलेला राजदूत हेलिओदोर, दियाचा मुलगा, याने वासुदेवाचा गरुडस्तंभ उभारला, स्वतःला भागवत म्हणवलं, आणि नाव ग्रीकच ठेवलं. हेलिओदोरोस म्हणजे सूर्याने दिलेला. इंद्राग्निदत्त म्हणजे इंद्राग्नींनी दिलेला. नावाची घडण एकच. एकाने देव बदलला आणि नाव राखलं, दुसऱ्याने नाव बदललं आणि ‘योनक’ ही ओळख राखली. दोघांनाही कोणी अडवलं नाही. नाव, वंश, धर्म आणि प्रदेश या चार गोष्टी एकाच खुंटीला टांगलेल्या असल्याच पाहिजेत असा आग्रह त्या काळाला नव्हता.

प्रेस्पाचा करार मला याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो, त्याच्या सगळ्या उणिवांसकट. त्याच्या सातव्या कलमात दोन्ही देशांनी मान्य केलं की ‘मॅसेडोनिया’ आणि ‘मॅसेडोनियन’ या शब्दांचा अर्थ दोघांसाठी वेगळ्या इतिहासातून आणि वेगळ्या वारशातून येतो. ग्रीकांसाठी तो प्राचीन हेलेनिक संस्कृती आणि आपला उत्तरेचा प्रांत. दुसऱ्यांसाठी आपला देश, आपली भाषा आणि आपले लोक, ज्यांचा त्या प्राचीन संस्कृतीशी संबंध नाही. मूळ मान्य, वापर मान्य. विमानतळाचं नाव २०१८मध्येच उतरलं होतं, महामार्गाचं ‘मैत्री’ झालं. पुतळे राहिले, त्यांच्याखाली पाट्या आल्या की हा वारसा प्राचीन ग्रीक इतिहासाचा आहे. पुतळे पाडले नाहीत हे बरं झालं. खोट्या दाव्याला उत्तर म्हणून खरी पाटी लावणं हे हातोड्यापेक्षा शहाणपणाचं.

करार खालून वर आला नाही, हे त्याचं दुखणं. सप्टेंबर २०१८च्या सार्वमतात होकाराचं प्रमाण नव्वद टक्क्यांवर होतं, पण मतदान झालं जेमतेम सदतीस टक्के. १२ फेब्रुवारी २०१९ला ‘उत्तर मॅसेडोनिया’ हे नाव अमलात आलं, २०२०च्या मार्चमध्ये तो देश नाटोत गेला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युरोपीय संघाच्या दारात त्याला बल्गेरियाने अडवलं, या वेळी भाषा आणि इतिहास यांवरून. एका शेजाऱ्यासाठी देशाचं नाव बदललेल्या लोकांना दुसरा शेजारी म्हणतो की तुमची भाषा ही आमचीच बोली. त्यांचा संताप मी समजू शकतो. मे २०२४मध्ये नव्या राष्ट्राध्यक्ष गोर्दाना सिल्यानोव्हस्का-दाव्कोव्हा यांनी शपथ घेताना देशाला नुसतं ‘मॅसेडोनिया’ म्हटलं आणि ग्रीसच्या राजदूत समारंभातून उठून गेल्या.

इथे माझी सहानुभूती थांबते. घरी, भाषणात, गाण्यात त्या बाई आपल्या देशाला काय म्हणतात हा त्यांचा प्रश्न. लोक आपल्या मुलखाला म्हणतात तेच म्हणणार. पण राज्यघटनेची शपथ हा वचनाचा कागद आहे, आणि घटनेत आता जे नाव आहे ते त्यांच्याच संसदेने घातलेलं आहे. देशाचं नाव ही दोन राज्यांमधली गोष्ट. ती वाटाघाटीत ठरू शकते, बदलू शकते आणि ठरली की पाळावी लागते. माणसाचं नाव त्या टेबलावर येत नाही. स्कोप्येत आज कोणी आपल्या मुलाचं नाव अलेक्सान्दर ठेवलं, किंवा फिलिप, तर अथेन्सने त्यात अतिक्रमण पाहू नये. ग्रीसच्या फ्लोरिनात कोणाला पणजोबांचं स्लाव्ह नाव पुन्हा घ्यावंसं वाटलं तर नोंदणी कार्यालयाने ते पणजोबा जसं लिहीत तसंच लिहून घ्यावं. आणि १९९०च्या दशकात कामासाठी ग्रीसला गेलेल्या ज्या अल्बेनियन मजुरांनी नोकरी मिळावी, घर भाड्याने मिळावं म्हणून ग्रीक नावं धारण केली, त्यांच्या मुलांना शाळेच्या पटावर आपलं अल्बेनियन नाव लावायचं असेल तर तेही बिनप्रश्न लागलं पाहिजे. प्रेस्पाच्या कराराने राजाच्या पुतळ्यांची सोय लावली. या माणसांचं काम अजून व्हायचं आहे, आणि ते करायला कोणत्याही आंतरराष्ट्रीय मध्यस्थाची गरज नाही.